घरात गूळच वापरतो, चॉकलेट देत नाही, तरी साडेतीन वर्षांच्या मुलीचे दात का किडले?

आपण लिहिले आहे की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, घरात साखरेऐवजी गूळ वापरता, चॉकलेट तिला जवळजवळ माहीतच नाही, तरीही तिचे वरचे समोरचे चारही दात तपकिरी पडून कडेने तुटू लागले आहेत आणि खालचे मात्र पांढरेशुभ्र आहेत. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की दुधाचे दात पडणारच आहेत, आणि कोणीतरी कॅल्शियमचे टॉनिक सुचवले आहे. मी सांगलीत गेली अठरा वर्षे लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. सातारा भागातील आपल्यासारख्या गावांतूनही माझ्याकडे मुले येतात, आणि नेमके हेच चित्र मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाहते.

वरचे किडलेले आणि खालचे शाबूत, या एका निरीक्षणात अर्धे उत्तर आहे. बाटलीने दूध पिताना जीभ खालच्या दातांवर येते आणि जिभेखालच्या लाळग्रंथींची लाळ त्या दातांना सतत धुत राहते, म्हणून ते वाचतात. वरच्या पटाशीच्या दातांना ते संरक्षण नसते. मुलगी रात्री गूळ घातलेल्या कोमट दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते, हे आपण ओघात लिहून गेला आहात. माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे शेवटच्या घोटातील गोडवा वरच्या दातांभोवती तासन्‌तास तसाच राहतो.

दात किडतो म्हणजे काय होते, ते थोडक्यात सांगते. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्ससारखे जंतू असतात. ते साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातील सामू (आम्लता मोजण्याचा आकडा, आम्ल वाढले की तो उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातील, म्हणजे इनॅमलमधील, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले: गोड द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो, आणि तो पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. तो सावरला की लाळेतील खनिजे पुन्हा दातात बसू लागतात. ही झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. सावरण्याच्या आतच मुलाच्या तोंडात पुन्हा गोड गेले, तर भरपाईला वेळच उरत नाही.

म्हणून मी पालकांना ‘गोड किती देता’ यापेक्षा ‘किती वेळा देता’ हे आधी विचारते. स्वीडनमधील विपेहोल्म येथील अभ्यासाचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतून हेच समोर आले. जेवणाबरोबर भरपूर साखर घेतलेल्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले. तो प्रयोग एका संस्थेतील मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता झाला होता, हेही सांगितले पाहिजे. तसा प्रयोग आज कोणी करू शकणार नाही आणि करूही नये, पण त्याचा निष्कर्ष नंतरच्या अनेक अभ्यासांनी टिकवून धरला आहे.

आता गुळाविषयी. आपल्या भागात गूळ हा विषय नाजूक आहे, हे मी जाणते. माझे माहेर तासगाव भागातले, आणि गुऱ्हाळावरची गरम काकवी पोळीशी खाणे हा माझ्याही बालपणीचा ठेवा आहे. गुळात लोह आणि काही खनिजे अल्प प्रमाणात असतात, परंतु त्याचा ७० ते ८५ टक्के भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असतो. दातावरच्या जंतूला गूळ सेंद्रिय आहे की कसा, याच्याशी काही कर्तव्य नसते. मधाचेही तसेच, आणि मध तर एक वर्षाखालील बाळाला मुळीच देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. उसाच्या रसाचा २०० मिलिलिटरचा एक पेला म्हणजे पाच चमचे साखर सहज होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशा साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सुचवले. आपल्या मुलीच्या वयाला ही ५ टक्क्यांची मर्यादा दिवसाला जेमतेम चार चमच्यांची भरते.

मी स्वतःही यात चुकले आहे. माझा थोरला मुलगा चार वर्षांचा असताना उन्हाळ्याची सुट्टी आजोळी घालवून आला. तेथे बेदाण्याचा हंगाम चालू होता, त्याच्या खिशात दिवसभर बेदाणे असत, आणि मीही ‘बाहेरच्या खाऊपेक्षा बरे’ म्हणून समाधानी होते. सहा-सात महिन्यांनी त्याच्या दोन खालच्या दाढांमध्ये कीड दिसली. ती केवळ बेदाण्यांनी लागली असे मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात रात्री खोकल्याचे गोड औषध देऊन मी त्याला दात न घासता झोपवत असे. परंतु दर अर्ध्या तासाला दोन-चार दाणे, ही सवय आपणच लावून दिली, हे दंतवैद्य असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. तेवढेच बेदाणे दुपारच्या जेवणाबरोबर दिले असते तर फारसे बिघडले नसते.

सर्वांत कमी संशय घेतला जाणारा पदार्थ म्हणजे चहात बुडवलेले बिस्कीट. मैदा आणि साखर यांचा तो लगदा दाढांच्या खाचांत जाऊन बसतो आणि चॉकलेटपेक्षा जास्त वेळ टिकतो. चॉकलेट निदान विरघळून निघून जाते. सकाळी चहा-बिस्कीट, अंगणवाडीतून आल्यावर बिस्कीट, पाहुणे आले की पुडा, असा हिशोब आपण एकदा कागदावर मांडून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी तीन दिवस मुलाच्या तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहून आणायला सांगते, आणि बहुतेक वेळा मी काही बोलण्यापूर्वीच त्यांना कारण सापडलेले असते. याउलट भाकरी, आमटी, भाजी, अंडे, ताक, पनीर यांनी दातांचे काही बिघडत नाही. साधे, काही न घातलेले दूध भुकेला उत्तम. त्यातील लॅक्टोज ही साखर जंतूंना तुलनेने कमी सोयीची असते. शेंगदाणेही चांगले, मात्र या वयात अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून कूटच द्यावा. गुडदाणी वा चिक्की हा त्याला पर्याय नाही, हे वेगळे सांगायला नको.

कॅल्शियमच्या टॉनिकने हे दात सुधारणार नाहीत. दाताचा मुकुट हिरडीखाली तयार होत असताना आईचा आणि बाळाचा आहार, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांना महत्त्व असते. दात एकदा बाहेर आला की पोटातून गेलेले कॅल्शियम इनॅमलपर्यंत पोहोचत नाही. शिवाय ही टॉनिके बहुधा गोडच असतात.

‘पडणारच आहेत’ हे समोरच्या दातांपुरते अर्धे खरे आहे, कारण ते सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नव्या दातांना जागा राहत नाही.

रात्रीची बाटली एका दिवसात तोडू नका, मूल आणि घर दोन्ही हैराण होतील. प्रथम गूळ कमी करत बंद करा, मग दुधात दर दोन-तीन दिवसांनी पाणी वाढवत न्या. दोन-तीन आठवड्यांत बाटलीत केवळ पाणी राहील आणि तिचा ओढा आपोआप कमी होईल. दूध रात्रीच्या जेवणानंतर पेल्याने द्या, त्यानंतर वाटाण्याच्या दाण्याएवढी, १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत एक हजार भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट घेऊन दात आपण स्वतः घासा, आणि नंतर फक्त थुंकायला सांगा. त्यापुढे सकाळपर्यंत पाण्याखेरीज काहीही नको. आजी-आजोबांना गोड बंद करायला सांगू नका, वेळ ठरवून द्या: साताऱ्याचा कंदी पेढा जेवणाच्या ताटातच खाल्ला तर मीही हरकत घेणार नाही.

तुटू लागलेले दात मात्र आहाराने भरून येत नाहीत. इनॅमलवर नुसते खडूसारखे पांढरे डाग असतील तर ते फ्लोराइडने परतवता येतात; खड्डा पडलेला असेल तर तो भरावा लागतो, किंवा सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लावून कीड तेथेच थांबवता येते, ज्याने डाग काळा पडतो पण सुई लागत नाही. हा निर्णय दात पाहूनच घ्यावा लागेल, म्हणून या महिन्यातच दाखवून घ्या. आणि साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येईल, एकही दात न पडता. ती कायमची असते, पण पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात. ती वर आली की खाचा पाहून घ्या. खोल असतील तर कीड शिरण्यापूर्वीच सीलंटने, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या पातळ लेपाने, बंद करता येतात.