एबन-एजर : साहाय्याचा धोंडा आणि ‘इथवर’

प्रश्न आहे तो असा : ख्रिस्ती घरांच्या पाट्यांवर आणि चर्चच्या नावांत ‘एबनेझर’ दिसते, ते कुणा संताचे नाव आहे का? आणि साक्ष देताना ‘आम्ही एबन-एजर उभारतो’ म्हणतात, त्याचा नेमका अर्थ काय?

मुळात हे माणसाचे नाव नाही, दगडाचे आहे. हिब्रूत ‘एवेन’ म्हणजे दगड आणि ‘एझेर’ म्हणजे साहाय्य. माणसांना हे नाव ठेवू लागले ते पुष्कळ नंतर. मराठी बायबलात ‘एबन-एजर’ असे जोडरेघ देऊन येते. ‘एबनेझर’ हे इंग्रजीच्या वाटेने आलेले रूप. दोन्ही चालतात, फक्त ‘एजर’मधला ज ‘जागा’तल्यासारखा म्हणावा, ‘जीव’मधल्यासारखा नव्हे.

उगम बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकात, ७:१२ मध्ये आहे. मिस्पा आणि शेन या ठिकाणांच्या मध्ये इस्राएलचा संदेष्टा शमुवेल याने एक दगड उभा केला, त्याला हे नाव दिले आणि म्हटले की परमेश्वराने इथवर आम्हांला साहाय्य केले. या वाक्यातला ‘इथवर’ हाच नावाचा गाभा. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘या जागेपर्यंत’ होतो, तसाच ‘या घटकेपर्यंत’ही होतो, आणि आपला ‘इथवर’ दोन्ही अर्थ सहज पेलतो. ‘आतापर्यंत’ म्हटले की काळ उरतो, जागा निसटते.

नेहमीची चूक म्हणजे हे नाव पुढच्या संरक्षणाची हमी समजून लावणे. ती चूक किती खोल आहे, हे त्याच पुस्तकाचा चौथा अध्याय दाखवतो. इस्राएल लोकांनी एबन-एजरजवळच तळ दिला होता. शेजारच्या पलिष्टी लोकांशी झालेल्या पहिल्या लढाईत त्यांची सुमारे ४,००० माणसे पडली. मग शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, आणला, तो सोबत असला की जय ठरलेलाच या समजुतीने. त्या वेळी ३०,००० पडले, कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला आणि एबन-एजरहून अश्दोद या त्यांच्या नगरात नेला गेला. (चौथ्या अध्यायातली जागा अफेकजवळची, सातव्यातली मिस्पाजवळची, त्यामुळे ही ठिकाणे दोन असावीत, असे काही अभ्यासक मानतात. मग नाव तेच का? बहुधा त्या पराभवाला उत्तर म्हणूनच.)

सातव्या अध्यायातला क्रम म्हणून बारकाईने वाचावा. कोश पलिष्ट्यांकडून परत येऊन किर्याथ-यारीम गावी ठेवल्याला २० वर्षे लोटली होती. लोकांनी आधी बआल आणि अष्टारोथ या परक्या दैवतांच्या मूर्ती टाकून दिल्या. मग मिस्पात जमून पाणी काढून परमेश्वरापुढे ओतले, उपास केला, ‘आम्ही पाप केले आहे’ असे कबूल केले. पलिष्टी चालून आले तेव्हा लोक घाबरले. शमुवेलाला म्हणाले, आमच्यासाठी धावा करायचे थांबवू नका. त्याने दूधपिते कोकरू होमार्पण केले. परमेश्वराने मेघगर्जना केली, शत्रूची दाणादाण उडाली. दगड आला तो या सगळ्यानंतर. कोश लढाईआधी आणला होता, दगड लढाईनंतर उभा राहिला. माझ्या मते भक्तीच्या दृष्टीने सगळ्या कथेत याहून मोलाचा तपशील नाही.

तेव्हा ‘एबन-एजर उभारणे’ म्हणजे मिळालेल्या साहाय्याची नोंद करणे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत हे वचन शोभते ते यामुळेच, कारण तिथे सरलेल्या वर्षाकडे पाहायचे असते. साक्ष देताना नुसते ‘देवाने सांभाळले’ म्हणून थांबू नये. कोणत्या संकटात, कधी, कसे, ते सांगावे. शमुवेलाच्या दगडालाही ठरलेली जागा होती. आजारपण अजून सरले नसेल, कर्ज फिटले नसेल, तरीही ‘इथवर’ म्हणता येते, कारण पुढचे सगळे मिटले असा दावा त्या शब्दात नाही.

‘एझेर’च्याच धातूतून आलेली नावे बायबलात बरीच आहेत : अलियेजर, अजऱ्या, एज्रा. बेथानीचा लाजर हेही एलाजार या हिब्रू नावाचे ग्रीक वळणाचे रूप. अर्थ, ‘देवाने साहाय्य केले’.