वाचकांचे प्रश्न: प्यादे देऊ केले, पण दिले का?

गेल्या काही महिन्यांत बुद्धिबळासंबंधी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सरकवून, म्हणजे डी४ ही खेळी करून, सुरू होणाऱ्या डावांविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे वाचताना पट मांडून बसावे, ही विनंती. घराच्या नावातले अक्षर उभी पट्टी दाखवते (पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच) आणि आकडा पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ; नुसते घराचे नाव आले, तर ती प्याद्याची खेळी समजावी.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा पांढऱ्या मोहऱ्यांनी क्वीन्स गँबिट (१. डी४ डी५ २. सी४) खेळतो. परवाच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने सी४ वरचे प्यादे मारले आणि लगेच बी५ खेळून ते राखले. मुलगा घाबरला आणि डाव हरला. प्यादे फुकट देणारी अशी सुरुवात मुलांना शिकवावी का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपल्या मुलाने प्यादे फुकट दिलेच नव्हते, हे त्याला आधी सांगावे. 'गँबिट' हा शब्द इटालियन भाषेतल्या 'गांबेत्तो'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ पायाला पाय अडकवून पाडणे असा आहे. आपल्या तालमीतली टांग आठवावी. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ मध्ये हा शब्द बुद्धिबळात आणला. टांग मारणारा मल्ल स्वतःचा तोल क्षणभर धोक्यात घालतो, तसा येथे पांढरा एक प्यादे धोक्यात घालतो. मात्र क्वीन्स गँबिटमध्ये हा धोका बहुतांशी दिखाऊ असतो.

मुलाच्या डावातली स्थिती पाहू. १. डी४ डी५ २. सी४ आणि काळ्याने डी५ वरच्या प्याद्याने सी४ वरचे प्यादे मारले. आता पांढऱ्याने ३. ई३ खेळून उंटाची वाट मोकळी करावी. काळ्याने बी५ खेळून प्यादे धरून ठेवले की ४. ए४ ही खेळी त्या साखळीच्या मुळावर घाव घालते. काळ्याने ए६ खेळून आधार दिला, तर पांढरा बी५ वर मारतो. ए६ चे प्यादे परत मारायला सरकले की ए पट्टी उघडते आणि कोपऱ्यातला काळा हत्ती पांढऱ्या हत्तीच्या तोंडी जातो. काळ्याने त्याऐवजी सी६ खेळले, तर ५. ए४ वरच्या प्याद्याने बी५ वर मारावे, सी६ च्या प्याद्याने परत मारले की ६. वजीर एफ३! एफ३ पासून ए८ पर्यंतचा कर्ण आता पूर्ण मोकळा झालेला असतो आणि कोपऱ्यातला हत्ती वाचवायचा तर काळ्याला घोडा किंवा उंट गमवावा लागतो. आपल्या मुलाने ही सहा खेळ्यांची वाट पाठ करण्यापेक्षा ती का चालते हे समजून घेतले, तर पुढच्या वेळी बी५ पाहून त्याला आनंदच होईल.

मग जाणकार खेळाडू सी४ वर मारतात ते कशासाठी? प्यादे राखण्यासाठी नव्हे. पांढरा ते परत मिळवण्यात एक-दोन खेळ्या घालवतो, तेवढ्या वेळात ते आपली मोहरी बाहेर काढतात आणि सी५ किंवा ई५ खेळून पांढऱ्याच्या मध्यावर धक्का देतात. ३. ई३ ला तर काळ्याने लगेच ई५ खेळले तरी त्याचा डाव सुस्थितीत राहतो. पांढऱ्याला मोबदल्यात काय मिळते, तर काळ्याचे डी५ वरचे मधले प्यादे बाजूला ओढले जाते. दोघांनाही काहीतरी मिळते, म्हणून ही सुरुवात पाच शतके टिकली आहे. मुलांना ती जरूर शिकवावी; मधल्या घरांची किंमत इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी सुरुवात मला माहीत नाही.

प्रश्न : माझे प्रतिस्पर्धी प्यादे मारतच नाहीत, ई६ खेळून स्वस्थ बसतात. मग मी डी५ वर प्याद्यांची अदलाबदल करतो आणि पुढे काय करावे ते सुचत नाही. (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपण एकटे नाही. १९२७ मध्ये ब्युनॉस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदाची जी लढत झाली, तिच्या ३४ डावांपैकी ३२ डावांत क्वीन्स गँबिट असाच नाकारला गेला. पुढे काय करावे, हा प्रश्न त्या दोघांनाही पडलाच असणार.

अदलाबदलीनंतर सी पट्टीवर पांढऱ्याचे प्यादे उरत नाही आणि ई पट्टीवर काळ्याचे उरत नाही. वजिराच्या बाजूला काळ्याची ए७, बी७ आणि सी६ अशी तीन प्यादी आहेत, तर आपली ए आणि बी अशी दोनच. नवखा खेळाडू म्हणेल की जिथे आपण कमी आहोत तिथे स्वस्थ बसावे. प्रत्यक्षात तिथेच हल्ला करायचा असतो. हत्ती बी१ वर आणून बी४ आणि मग बी५ खेळावे. बी५ वरून सी६ वर मारले आणि काळ्याने बी७ च्या प्याद्याने परत मारले, की सी६ चे प्यादे एकटे पडते. त्याला शेजारचे कोणतेही प्यादे आधार देऊ शकत नाही आणि सी पट्टीवरचे आपले हत्ती ते जन्मभर छळू शकतात. यालाच अल्पसंख्याक प्याद्यांचा हल्ला म्हणतात. नावावरून तो सौम्य वाटतो, पण त्यात हरणाऱ्याला आपण कोणत्या खेळीला चुकलो हे बहुधा सांगता येत नाही. काळाही हातावर हात ठेवून बसत नाही. तो ई४ वर घोडा आणून बसवतो आणि राजाच्या बाजूला चाल करून येतो, म्हणून बी५ ची घाई करण्याआधी आपला राजा किल्लेकोट करून सुरक्षित आहे ना, हे पाहावे.

या रचनेत वजीर लवकर पटाबाहेर गेले तरी धार जात नाही. सिंगापूरला २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या तिसऱ्या डावात गुकेशने डिंग लिरेनविरुद्ध हीच अदलाबदल केली. दहाव्या खेळीपर्यंत वजीर गेले, डिंगचा उंट सी२ पर्यंत आत शिरला आणि पुढे तिथेच अडकला. ३७ खेळ्यांनंतर डिंगची वेळ संपली.

आपण काळ्या मोहऱ्यांनी खेळत असाल, तर याच नाकारलेल्या गँबिटमधला लास्करचा बचाव अवश्य पाहावा. त्यात काळा ई४ वर घोडा टाकून दोन जोड्या मोहरी घटवतो आणि कोंडमाऱ्यातून मोकळा होतो. २०१० मध्ये सोफियाला तोपालोवविरुद्धच्या अखेरच्या, बाराव्या डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी हाच बचाव निवडला, डाव जिंकला आणि जगज्जेतेपद राखले.

जाता जाता एक सावधगिरी. काळ्याने डी७ वर घोडा ठेवला असताना जी५ वरच्या उंटामुळे त्याचा एफ६ वरचा घोडा जखडला आहे (हलला तर मागचा वजीर उघडा पडेल), असे समजून डी५ वरचे प्यादे आपल्या घोड्याने मारू नये. काळा एफ६ वरच्या घोड्याने तो घोडा मारतो, आपण वजीर घेतो, तेव्हा काळा उंट बी४ वरून शह देतो आणि आपल्याला वजीर परत द्यावाच लागतो. हिशेब केला तर एक मोहरा गेलेला असतो आणि हाती एक प्यादे उरते. याला इंग्रजीत हत्तीचा सापळा म्हणतात, पण आपण ज्याला हत्ती म्हणतो तो मोहरा त्यात जागचा हलतही नाही.

प्रश्न : डी४ ला काळ्या मोहऱ्यांनी खरा, प्यादे सोडून देणारा गँबिट खेळता येतो का? कोणता निवडावा? (एक महाविद्यालयीन खेळाडू, पुणे)

उत्तर : तीन प्रमुख आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

बुडापेस्ट गँबिटमध्ये १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ ३. डी४ वरचे प्यादे ई५ वर मारते आणि काळा घोडा जी४ वर येतो. बर्लिनमध्ये १९१८ साली विडमारने अकिबा रुबिनश्टाईनला या गँबिटने हरवले, तेव्हा त्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. याचे आकर्षण बरेचसे एका सापळ्यात आहे. ४. उंट एफ४ घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४ वरून शह ६. बी१ वरचा घोडा डी२ वर, वजीर ई७ ७. ए३ असे झाले, की काळा बी४ वरच्या उंटाकडे दुर्लक्ष करून जी४ च्या घोड्याने ई५ वरचे प्यादे मारतो. पांढऱ्याने लोभाने उंट मारला, तर घोडा डी३ वर जातो आणि मात होते, कारण ई२ चे प्यादे वजिरामुळे जखडलेले असल्याने घोड्याला मारू शकत नाही आणि राजाभोवतीची सर्व घरे त्याच्याच मोहऱ्यांनी व्यापलेली असतात. मात्र पांढऱ्याने सातव्या खेळीला शांतपणे ई३ खेळून प्यादे परत दिले, तर त्याचा डाव किंचित वरचढ राहतो.

आल्बिनचा प्रतिगँबिट त्याहून धाडसी आहे. १. डी४ डी५ २. सी४ ई५ ३. पांढरा ई५ वर मारतो, आणि काळा डी४ खेळून एक प्यादे पांढऱ्याच्या घशात अडकवतो. ते काढायला पांढऱ्याने घाईने ४. ई३ खेळले, तर उंट बी४ वरून शह, ५. उंट डी२, आणि काळा ई३ वर मारतो. आता ६. बी४ वरचा उंट मारणे ही घोडचूक ठरते: काळे प्यादे एफ२ वर मारून शह देते, ७. राजा ई२, आणि तेच प्यादे जी१ वरचा घोडा मारून शेवटच्या घरात स्वतः घोडा होते! वजीर मागितला असता तर पांढऱ्याने आधी डी८ वरचा वजीर शह देत मारला असता. घोडा मागितल्याने मात्र राजाला शह बसतो. पांढऱ्याच्या हत्तीने तो घोडा मारला, की काळा उंट जी४ वरून राजा आणि वजीर दोघांना एका रेषेत धरतो. हा सापळा लास्करच्या नावाने ओळखला जातो. रशियन ग्रँडमास्टर मोरोझेविचने अलीकडच्या काळात आल्बिनला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली खरी. तरी पांढऱ्याने ४. घोडा एफ३ खेळून संयम ठेवला, तर डी४ चे ते प्यादे काळ्यालाच सांभाळत बसावे लागते.

माझी निवड तिसरी, बेन्को गँबिट. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ सी५ ३. डी५ बी५ ४. पांढरा बी५ वर मारतो, ए६ ५. पांढरा पुन्हा ए६ वर मारतो आणि काळा उंटाने ते प्यादे घेतो. काळा एका प्याद्याने मागे आहे आणि मात देणारा सापळा कुठेच नाही. परंतु ए आणि बी या दोन्ही पट्ट्या त्याच्या हत्तींसाठी उघड्या आहेत, जी७ वर येणारा उंट पांढऱ्याच्या वजिराकडील प्याद्यांवर थेट रोखलेला आहे, आणि मुख्य म्हणजे वजीर पटाबाहेर गेले तरी हा दाब कमी होत नाही. बहुतेक गँबिटांत मोहरी घटली की प्यादे देणारा उघडा पडतो; येथे तो अधिकच निर्धास्त होतो. पांढऱ्याने ५. बी६ खेळून दुसरे प्यादे नाकारले तर निराळा डाव सुरू होतो, त्याची तयारी वेगळी ठेवावी. पहिले दोन गँबिट स्पर्धेत एखाद्या फेरीसाठी राखून ठेवावेत. बेन्को वर्षभर खेळावा.

प्रश्न : पांढऱ्या मोहऱ्यांनी १. डी४ डी५ २. ई४ खेळावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा ब्लॅकमार-डीमर गँबिट. काळ्याने ई४ वर मारले, की तिसऱ्या खेळीला लगेच एफ३ खेळू नये, कारण काळ्याच्या ई५ ला चांगले उत्तर नाही. आधी घोडा सी३ आणावा, काळा घोडा एफ६ वर आला की मग एफ३. काळ्याने एफ३ वर मारल्यास घोड्याने परत मारून एफ पट्टी उघडी होते, आणि डी३ वरचा उंट, किल्लेकोट, ई१ मार्गे एच४ वर जाणारा वजीर असा हल्ला आपोआप जुळत जातो. झटपट डावांत तो फार गोड लागतो. पण काळ्याने पाचव्या खेळीला जी६ किंवा सी६ खेळून डोके थंड ठेवले, तर विसाव्या खेळीच्या आसपास आपला हल्ला ओसरतो आणि एक प्यादे कमी आहे एवढेच उरते. शिवाय दुसऱ्याच खेळीला काळ्याने ई६ खेळले, तर आपण नकळत फ्रेंच बचावात जाऊन पोहोचतो. तो आपल्याला येत नसेल, तर २. ई४ खेळण्याआधी तो शिकून घ्यावा.