प्रोजेक्ट चौघांचा, काम एकटीचं?

‘मॅडम, ग्रुपमध्ये आम्ही चौघं, पण प्रोजेक्ट मी एकटीच ओढतेय. गाईडना सांगावं तर मैत्री तुटते, न सांगावं तर सहन होत नाही.’ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं दुसरं सत्र सुरू झालं की ही तक्रार माझ्याकडे येतेच. मुलीही करतात, मुलंही करतात. त्यातली एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी कॉम्प्युटरची, हुशार, पहिल्या वर्षापासून वरच्या नंबरात. त्यांच्या ग्रुपने गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी हिशेबाचं ॲप बनवायला घेतलं होतं. ती आली ती झोप उडाली म्हणून. रात्री दोन-दोनपर्यंत कोड लिहायचा, सकाळी लेक्चरला बसायचं आणि घरी आईवर चिडायचं. बाकीच्या तिघांविषयी विचारलं तर म्हणाली, ‘त्यांना सांगत बसण्यापेक्षा मीच करते. लवकर होतं.’

या वाक्यापाशी मी थांबले. ते खोटं नव्हतं, तिचं खरंच लवकर व्हायचं. पण ते वाक्य रोज म्हटलं, की महिनाभरात इतरांना करण्यासारखं काही उरतच नाही.

मी तिला चौघांची नावं लिहायला सांगितली आणि प्रत्येकापुढे त्याला काय येतं ते. स्वतःपुढे तिने भराभर लिहिलं. इतरांपुढे मार्क लिहिले, एकापुढे ‘डिप्लोमा करून आलाय’ एवढंच. तीन वर्षं एका वर्गात काढूनही कोणाच्या हाताला काय जमतं हे तिला सांगता येईना. मी म्हटलं, पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन ये. तिला ते आवडलं नाही, पण दोघांना घेऊन आली. चौथा आला नाही.

डिप्लोमावाला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मी बिलाचं पान लिहिलं होतं, मॅडम. सकाळी बघितलं तर त्यातली एक ओळ शिल्लक नव्हती. हिने रात्रीत नवीन लिहिलेलं. मग मी कशाला लिहू?’ तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. चुकीचं होतं, दुरुस्त केलं, संपलं, असं तिच्या लेखी.

आणि त्याच बैठकीत कळलं की बिलाचा तिचा हिशेबच चुकला होता. तिने दर फक्त फॅटवर लावला होता. या मुलाच्या घरचं दूध रोज डेअरीला जातं. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, एसएनएफ कमी लागला की पैसे कापले जातात, बिल दहा दिवसांनी निघतं आणि पेंडीची उचल त्यातूनच वळती होते, हे सगळं त्याला तोंडपाठ. हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांची रिपो, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवायची सामायिक जागा, तीही मी उघडून दाखवायला सांगितली. जवळजवळ सगळे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, तिच्या नावावर. पुरावाच झाला, असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात इतर दोघं आपलं काम झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि ती ते स्वतःच्या लॅपटॉपवरून चढवायची. म्हणजे त्यांनी केलेलं जे थोडंफार होतं, तेही नोंदीतून पुसलं जात होतं.

माणसं गटात हात आखडता घेतात, यावर मानसशास्त्रात जुना अभ्यास आहे. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढायला लावून पाहिलं आणि 1913 मध्ये ते प्रसिद्ध केलं: माणसं वाढली की प्रत्येकाचं ओढणं कमी होतं. पुढे 1979 मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांना टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यात तेच दिसलं. मला मोलाचा वाटतो तो याच तिघांचा 1981 चा निष्कर्ष: आपला वाटा वेगळा ओळखू येणार आहे हे कळलं, की ही ढिलाई बरीच कमी होते. मुलांची रिपो ज्यावर चालते ते गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलं. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचं काम त्यात नावानिशी, कारणासह नोंदलं जातं. आपल्याकडे मुलं त्याचा वापर सबमिशनच्या आदल्या दिवशी सामान ठेवायच्या कपाटासारखा करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या तिघांनी माझ्यासमोर काही गोष्टी ठरवल्या. ज्याने लिहिलं त्यानेच कमिट करायचं. मेन ब्रांचवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये, थेट काही टाकायचं नाही. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, दुसऱ्याने वाचून मंजूर करायची, तिचीसुद्धा. चूक दिसली तर कॉमेंट लिहायची, पुसून नवीन लिहायचं नाही. काम दोन दिवसांत होईल एवढंच उचलायचं आणि अडलं तर दुसऱ्या दिवशी तसं सांगायचं. बिलाचं पान तिने आणि डिप्लोमावाल्याने एका लॅपटॉपवर बसून लिहायचं आणि कीबोर्ड त्याच्या हातात राहील. हे शेवटचं तिला फार जड गेलं. तो हळू टाइप करतो आणि तिचे हात शिवशिवतात. पहिल्या आठवड्यात ती दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘हे एका तासाचं काम आहे, मॅडम.’ मी विचारलं, पुढच्या वेळी तो एकटा करेल का? ‘करेल बहुतेक,’ म्हणाली आणि परत गेली. झोप सुधारायला मात्र महिना लागला. स्वतःवरचा भरवसा दुसऱ्याला थोडा देणं तिच्यासाठी सोपं नव्हतं.

चौथ्याचं काय? तो प्लेसमेंटच्या तयारीत गुंतला होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. सगळे समजुतीने बदलतात असं मी कोणाला सांगत नाही. पण तोवर कोणतं काम कोणाला कधी दिलं, याची तारखेनिशी यादी तयार होती. तिघं मिळून ती घेऊन गाईडकडे गेले. ‘तो काहीच करत नाही’ हे वाक्य त्यांनी वापरलं नाही, यादी पुढे ठेवली. गाईडनी त्याला बोलावलं, टेस्टिंग आणि ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाची, दोन प्रकरणं त्याच्या नावावर लावली. टेस्टिंग त्याने केलं. प्रकरणं अर्धीच झाली आणि अंतर्गत गुण त्याला इतरांपेक्षा कमी मिळाले.

गाईडकडे जायचं असेल तर असं जा: लवकर, सगळे मिळून, नोंदी घेऊन. सबमिशनच्या आठवड्यात रडत गेलात तर गाईडच्या हातातही फारसं काही उरलेलं नसतं.