मुलीच्या टेनिससाठी सगळ्यांनी अमेरिकेला यावं का?

नाशिकहून तुम्ही विचारलंत, की यजमानांची बदली ओहायोला होतेय, मुलगी नववीत आहे, राज्य पातळीवर टेनिस खेळते. तर तिला पुढे कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल या हिशेबाने सगळ्यांनीच जावं का? व्हिसा, घरभाडं, विमा हे कंपनी सांगेलच, ते मी लिहीत नाही. माझा मुलगा इथे एका सरकारी विद्यापीठाकडून टेनिस खेळायचा. २०२५ मध्ये त्यांनी पुरुषांचं टेनिसच बंद केलं. तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं पुन्हा वर आलं.

आपल्याकडे विद्यापीठाचा खेळ म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धा, ट्रॅकसूट, प्रवासभत्ता. इथे तो अब्जावधी डॉलरचा व्यवहार आहे आणि त्यावर सत्ता कोणाची यावरून भांडण चालू आहे. कॉलेजांचे खेळ चालवणारी एनसीएए ही संघटना १९०६ पासूनची. खेळाडू हौशी, त्याने पगार मागायचा नाही, हा तिचा पाया. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने (अमेरिकन) फुटबॉलच्या प्रक्षेपणावरचं तिचं नियंत्रण मोडलं आणि टीव्हीचा पैसा विद्यापीठांच्या गटांकडे, म्हणजे कॉन्फरन्सकडे गेला. २०१४ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सनी आपले काही नियम आपणच करायची स्वायत्तता मिळवली. २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात, म्हणजे खेळाडूंच्या शिक्षणाशी निगडित मदतीवर एनसीएएने घातलेल्या मर्यादेच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरोधात गेले. त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. मग पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅक-१२ या कॉन्फरन्समधली बारापैकी दहा विद्यापीठं जास्त पैशाच्या गटांत निघून गेली. त्यातलं कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या गटात आहे. फुटबॉलच्या टीव्ही करारापायी तिथल्या टेनिसच्या मुलींना सामन्यांसाठी अख्खा देश ओलांडावा लागतो.

खेळाडूंनी पैशासाठी एनसीएए आणि बड्या कॉन्फरन्सवर केलेल्या हाउस खटल्यातली तडजोड ६ जून २०२५ ला कोर्टाने मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि सामील झालेल्या विद्यापीठांना पहिल्या वर्षी खेळाडूंना थेट साधारण २ कोटी डॉलरपर्यंत वाटायची परवानगी. खेळाडूला पैसा मिळायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यातला बहुतेक फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि तो उभा करायला टेनिस, पोहणं, जिम्नॅस्टिक्स यांच्याकडे कात्री जाते. सामील झालेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या मर्यादेऐवजी आता टीमच्या आकाराला मर्यादा आहे. टेनिसला दहा खेळाडू. दहाही जणांना स्कॉलरशिप देता येते, द्यावीच लागते असं नाही. मुलींच्या खेळाला १९७२ च्या टायटल नाइन कायद्याचा (शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, हा तो कायदा) आधार आहे, म्हणून बंद होताना मुलांच्या टीम आधी जातात. तुमच्या मुलीसाठी ही जमेची बाजू. तरी भरपाईच्या वाटपात मुलींना बरोबरीचा वाटा हवा म्हणून काही खेळाडूंनी या तडजोडीविरुद्ध अपील केलं होतं.

आमच्या मुलाच्या टीमला एका ऑनलाइन बैठकीत क्रीडा संचालकांनी निवेदन वाचून दाखवलं. हे कोणी ठरवलं, असं मुलाने विचारलं. उत्तर मिळालं, परिस्थितीमुळे. मी सगळ्यांना पत्रं लिहिली. विद्यापीठ म्हणालं कोर्ट, कॉन्फरन्स म्हणाली विद्यापीठ, विश्वस्तांकडून उत्तरच आलं नाही. ज्यांच्या आयुष्याची चार वर्षं त्यात होती त्या पोरांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू ठेवली त्यांनी, म्हणून ओळखीचे म्हणतात, मग तक्रार कसली? याचं उत्तर देताना अजून माझा आवाज चढतो.

तुमच्या कामाचं सांगते. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीच्या टेनिसमध्ये परदेशातून आलेल्या खेळाडूंचीच संख्या मोठी आहे. कोच थेट परदेशातून मुली निवडतात. म्हणजे स्कॉलरशिपसाठी अख्ख्या घराने इथे यायची गरज नाही, नाशिकला राहूनही ती मिळू शकते. याल तर नववीपासूनच्या गुणपत्रिका शाळेच्या सही-शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. एनसीएए पात्रता ठरवताना नववीपासूनचे सोळा मुख्य विषय मोजतात आणि ते ठरल्या मुदतीत पूर्ण झालेले लागतात, त्यामुळे टेनिससाठी वर्ष गाळू नका. आमच्या जुन्या शाळेने नववीच्या निकालाची प्रत द्यायला इतके हेलपाटे घालायला लावले की माझ्या सत्तरीच्या वडिलांना ठाण्यात रिक्षा करून पुन्हा पुन्हा जावं लागलं. कार्यालयातले एकदा म्हणाले, दहावीची आहे ना, नववीची कशाला? आणखी एक गोष्ट. एच-४ (नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरच्या मुलीने जाहिरातीचे किंवा वाटपाचे पैसे घेतले तर ते काम केल्यात धरलं जाऊन व्हिसा धोक्यात येऊ शकतो. टीममधल्या इतर मुली घेतील, तिला वकिलाला विचारल्याशिवाय घेता येणार नाही. एकविसाव्या वर्षी तिचं एच-४ संपेल, तेही धरून चाला.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते. मंडळ आहे, गणपती आहे, भारतीय किराण्याचं दुकान आहे.

पण एक सांगायला हवं. मी ठाण्यातली बँकेची नोकरी सोडून आले आणि इथे मला काम करायची परवानगी नव्हती. मुलाचे सामने हाच माझा आठवडा होता. बाकीच्या आयांबरोबर मी कोर्टाबाहेर बसायचे, डबे वाटायचे, माझं मोडकं इंग्रजी तिथेच सुधारलं. टीम गेली तशा त्या बायकाही गेल्या. मुलगा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, बरा आहे. मला मात्र शनिवारी काय करायचं हे अजून उमगत नाही. तुम्ही आलात तर स्वतःचं काहीतरी आधी लावून घ्या, मुलीच्या खेळावर सगळं टाकू नका.

कोचशी बोलणी होतील तेव्हा हे लेखी मागा: विद्यापीठ हाउस तडजोडीत सामील आहे का, टेनिसचा खर्च कुठून येतो, टीम बंद झाली तर स्कॉलरशिप पदवीपर्यंत राहील का. उत्तर आलं की मला पाठवा. त्यांची भाषा मला आता कळते.