आधी बांधावर जा, सेन्सर मागनं

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावर पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर बसवायचा म्हणतोस, बसव की. पण पहिले आठ दिवस वायरला हात लावू नकोस. शहापूर-वडगावच्या शिवारात जा, ज्यांचं भात पाण्याखाली जातं त्यांना विचार, पाणी कुठनं चढतं. बांधावरचे काका दाखवतील ती जागा नकाशात सापडायची नाही.

मग यंत्र. लोरा घे, म्हणजे थोड्या विजेवर लांबवर आकडे पाठवणारा रेडिओ; 865 ते 867 मेगाहर्ट्झला आपल्याकडं परवाना लागत नाही, दर सेन्सरला सिमही नको. अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आवाजाच्या लाटेनं पाण्याचं अंतर मोजणारा, पुराच्या खुणेपेक्षा हातभर उंच लाव, अगदी जवळचं पाणी त्याला दिसत नाही. माझ्या सेन्सरच्या पाइपात कोळ्यानं जाळं विणलं, नि भर उन्हाळ्यात रात्री दोनला पुराचा इशारा गेला! लोक अजून हसतात. आता नाल्याच्या वरच्या नि खालच्या अंगाच्या दोन्ही सेन्सरचे आकडे जुळले तरच मेसेज सुटतो. पाइप झाडायचं काम गल्लीतल्या पोरांकडं, शेंगा-गुळावर.

मेसेज मराठी-कन्नड दोन्हींत पाठव. स्मार्ट सिटी योजनेच्या 2016 मधल्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव होतंच, तेव्हा महापालिकेलाही आकडे मोकळे दे. पासवर्ड मात्र एकट्याच्या खिशात नको. उद्या तू नोकरीला पुण्याला गेलास तर बॅटरी कोण बदलणार, ते आजच ठरव.