तंबूत शेगडी पेटवावी का?

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही दोन कुटुंबे भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी तंबूत राहणार आहोत. गॅसच्या डब्यावर बसवायची छोटी शेगडी घेतली आहे. रात्री वारा सुटला, तर तंबूची चेन अर्धी उघडी ठेवून आतच खिचडी शिजवली तर चालेल का? मागच्या खेपेस पहाटे ज्योत अगदीच मंद झाली होती, त्यावरही उपाय सांगावा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चेन अर्धी काय, पूर्ण उघडी असली तरीही तंबूत शेगडी पेटवू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. तंबूचे नायलॉनचे कापड ज्योतीने वितळते आणि वितळून अंगावर ठिबकते, हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. हवा अपुरी पडली किंवा गार पाण्याने भरलेले पातेले ज्योतीवर फार खाली टेकले, की गॅस पुरता जळत नाही आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे दिवसभराच्या दगदगीची वाटतात आणि माणूस बाहेर पडण्याऐवजी आडवा होतो. असे कोणाला वाटू लागल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून दवाखाना गाठावा. ऊब यावी म्हणून शेकोटीचे निखारे घमेल्यात घालून तंबूत ठेवण्याची पद्धत आहे. तीही याच कारणाने घातक आहे.

स्वयंपाक तंबूपासून चार-पाच पावले दूर, वाळलेले गवत काढून टाकलेल्या सपाट जागी करावा. वाऱ्याच्या बाजूला दगडांचा आडोसा करावा. मात्र शेगडीभोवती चहूबाजूंनी पत्रा उभा करू नये, कारण कोंडलेल्या उष्णतेने डबा तापतो आणि आतला दाब वाढतो. ज्योतीची उष्णता खाली डब्याकडे फेकणारा पसरट तवाही याच कारणाने टाळावा.

पहाटे ज्योत मंदावते, कारण द्रवरूप गॅसची वाफ होताना डब्यातलीच उष्णता खर्च होते. अशा डब्यांत बहुधा भरलेला ब्यूटेन हा गॅस सुमारे उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे आधीच गारठलेल्या डब्यात दाब फारसा उरत नाही. शेगडीपासून सोडवलेला डबा पेटवण्याआधी काही वेळ स्वेटरच्या आत धरून ठेवणे पुरेसे होते. हात सहज बुडवता येईल इतक्या कोमट पाण्यातही तो ठेवता येईल. कढत पाणी किंवा निखाऱ्यांची जवळीक मात्र कदापि नको.

निघण्यापूर्वी घराच्या अंगणात एकदा जोडणी करून पाहावी. माझ्या शेगडीच्या जोडावर मी साबणाचे पाणी बोटाने लावले, तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उठत राहिले; उघडून पाहिले, तर रबरी वायसरला केसाएवढी चीर गेलेली होती. तेवढ्या फटीतून निसटणारा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून डबा बदलतानाही शेकोटी, कंदील आणि पेटती विडी-सिगारेट दूर असावी.

आपण इगतपुरीपर्यंत रेल्वेने जाणार असाल, तर डबा सोबत नेऊ नये. ज्वालाग्राही गॅस गाडीत नेण्यास मनाई आहे.