मुलांना फ्लोराइडच्या गुळण्या द्याव्यात का?

शाळेच्या तपासणीत आठ वर्षांच्या मुलीच्या दाढा किडलेल्या निघाल्या, पांढरकवड्याजवळ राहतो, फ्लोराइडचं माउथवॉश सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय.

ताई, आधी पाणी तपासा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी पिण्याचं पाणी बदला. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. नमुना कुठे द्यायचा ते ग्रामपंचायतीत विचारा. अशा गावात दातांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळण्या नकोतच.

पाणी ठीक असेल तर उपयोग नक्की होतो. मोठ्यांच्या देखरेखीखाली नियमित गुळण्या करणाऱ्या मुलांत पक्क्या दातांची नवी कीड साधारण २७ टक्क्यांनी कमी आढळली आहे. रोजसाठी ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं घ्या. मिनिटभर खळखळून सगळं थुंकायचं, मग अर्धा तास खाणं-पिणं बंद. सहा वर्षांखालच्या लेकरांना देऊच नका, ती गिळतात.

राखुंडी सोडून दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, हे मात्र त्याआधी. आणि पडलेला खड्डा गुळण्यांनी भरत नाही, त्या दाढा डॉक्टरांना लवकर दाखवा.